सध्या काय वाचताय? वाचनकट्ट्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. नवीन येणारे बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात, काही जिन्यात, काही चहाच्या वेळी, काही घरी गेल्यावर फोन करून. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे टिपण.

कट्ट्यावर नेमकं काय चालतं?

प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: सध्या काय वाचताय? आतापर्यंत काय काय वाचलंय, आवडता लेखक कोण, मराठीतली सर्वश्रेष्ठ कादंबरी कोणती, असलं काही विचारत नाहीत. आज उशाशी, पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत जे पुस्तक आहे त्याबद्दल बोलायचं. कितव्या पानावर आहात, तिथे काय चाललंय, पुढे जावंसं वाटतंय की नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

हा नियम आम्ही विचार करून ठेवला आहे. वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस मत देतो. मत ऐकायला बरं वाटतं, पण ते बरेचदा कुठेतरी आधी ऐकलेलं असतं. मधेच असलेल्या पुस्तकाबद्दल तो खरं बोलतो, कारण पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नसतं.

मी सध्या काहीच वाचत नाही. आलो तर चालेल?

या. पण "काहीच वाचत नाही" हे वाक्य आम्ही लगेच मान्य करत नाही.

आमच्याकडे एक काकू पहिल्यांदा आल्या त्या सुनेबरोबर, सोबत म्हणून. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "मी काय वाचणार, मी आपली पोथी वाचते." कुठली, असं विचारल्यावर कळलं की श्रावणात नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय, त्यानंतर हरिविजय, आणि वर्षभर रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. अठरा अध्याय आणि नऊ हजारांच्या आसपास ओव्या. विद्यापीठात मराठी शिकवणारेही जो ग्रंथ शब्दकोश जवळ ठेवून वाचतात, तो या बाई वर्षानुवर्षं वाचत आल्या आहेत आणि स्वतःला वाचक समजत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सहाव्या अध्यायातला एक शब्द अडल्याचं सांगितलं आणि अर्धा कट्टा त्या एका शब्दावर बोलत बसला.

महाराष्ट्रात वाचनाची मोजणी करताना या बायका कुणी धरत नाही. पारायण करणारा माणूस तेच पुस्तक पुन्हा पुन्हा, मोठ्याने, ठरलेल्या वेळी वाचतो. यापेक्षा पक्की वाचनसवय मला तरी माहीत नाही. तेव्हा पोथी, शेतीचं मासिक, रविवारची पुरवणी, स्पर्धा परीक्षेचं इतिहासाचं पुस्तक, कमलाबाई ओगल्यांचं "रुचिरा" यातलं काहीही तुमच्या हातात असेल तर तुम्ही वाचता आहात. त्याबद्दलच सांगा.

सध्या लोक साधारण काय वाचताना दिसतात?

साऱ्या महाराष्ट्राचं मी सांगू शकत नाही. आमच्या खोलीत जे दिसतं ते सांगतो.

ऐतिहासिक कादंबरीचा जोर अजून ओसरलेला नाही. "स्वामी" १९६२ ची, "मृत्युंजय" १९६७ ची, "पानिपत" १९८८ ची. लेखक वेगळे, काळ वेगळे, तरी वाचनालयात या तिन्हींच्या प्रती सारख्या बाहेर असतात, आणि परत येतात तेव्हा पाठीवर नवीन पट्टी चिकटवावी लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत "छावा" चित्रपट आला तेव्हा शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीला आमच्याकडे नंबर लागले. चित्रपट पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांकडे काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एवढी जाडजूड कादंबरी एखाद्या विशीतल्या मुलाने घरी नेली, यात कमीपणा कसला?

त्याखालोखाल आत्मचरित्रं. या बाबतीत मराठी वाचक खरोखर श्रीमंत आहे. दया पवारांचं "बलुतं" १९७८ मध्ये आलं, लक्ष्मण माने यांचं "उपरा" १९८० मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचं "उचल्या" १९८७ मध्ये, उर्मिला पवारांचं "आयदान" २००३ मध्ये. जे जगणं तोवर पुस्तकात आलंच नव्हतं, ते ज्यांनी भोगलं त्यांच्याच भाषेत आलं. कट्ट्यावर तरुण मुलं ही पुस्तकं घेऊन येतात तेव्हा खोलीतलं बोलणं बदलतं. कुणीतरी हळूच म्हणतं, "आमच्या आज्याचं असंच होतं." त्यानंतर बराच वेळ पुस्तक बाजूला राहतं आणि घरांच्या गोष्टी निघतात, ज्या एरवी शेजाऱ्यालाही सांगितल्या जात नाहीत.

अनुवाद भरपूर वाचले जातात, विशेषतः कन्नडमधून आलेले. भैरप्पांच्या कादंबऱ्या तर कित्येकांना मूळ मराठीच वाटतात. व्यक्तिमत्त्व विकास आणि पैशाचं नियोजन या विषयांची पुस्तकं तरुण मुलं मोठ्या प्रमाणात आणतात. त्यातली बरीचशी मला एकसारखी वाटतात, पण एखाद्या मुलाने आयुष्यातलं पहिलं पुस्तक त्यातलंच वाचलं असेल, तर पुढचं कुठलं द्यायचं हे बघणं आमचं काम.

कविता मात्र कमी येते. येते तेव्हा बहुतेक वेळा पाठ असते, हातात पुस्तक नसतं.

पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?

चालतं. फक्त का सोडलं ते स्वतःला विचारा. पुस्तक वाईट म्हणून सोडलं, की आपण अजून तिथवर पोचलो नाही म्हणून?

"कोसला"चं उदाहरण आमच्याकडे नेहमी निघतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली. लेखक तेव्हा पंचविशीत होते, आणि कॉलेजच्या वयात ती हातात पडली की काही जण तिच्या प्रेमात पडतात, काहींना ती नुसती बडबड वाटते. आमच्यातल्या एका शिक्षकांनी ती विशीत सोडून दिली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांची धाकटी बहीण गेली. त्यानंतर कधीतरी ते पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं आणि पांडुरंगची बहीण मनी जाते त्या भागापाशी आले. कट्ट्यावर त्यांनी तो भाग वाचायला घेतला, अर्ध्यात पुस्तक शेजाऱ्याकडे दिलं, आणि उरलेलं शेजाऱ्याने वाचलं. तेव्हा अर्धवट सोडलेलं पुस्तक रद्दीत घालू नका. खूण ठेवून कपाटात ठेवा.

मात्र केवळ पैसे दिलेत म्हणून, किंवा सगळे नावाजतात म्हणून, कंटाळवाणं पुस्तक महिनोन् महिने रेटत राहू नका. त्यामुळे दुसरं काहीच वाचून होत नाही.

एका वेळी एकच पुस्तक वाचावं की तीन-चार?

ज्याचा त्याचा स्वभाव. मी दोन ठेवतो, एक जाड आणि एक पातळ. रात्री डोळे मिटायला लागले की पातळ.

वेळ कुठून आणायचा?

या प्रश्नावर मी कुणाला उपदेश करत नाही, कारण ज्यांच्यावर घर, नोकरी आणि आजारी माणूस असं तिन्ही आहे त्यांना "पहाटे उठून वाचा" हे सांगणं बरं नव्हे. लोक प्रत्यक्षात कुठे वाचतात ते सांगतो. सातारा-पुणे एसटीत खिडकीशी जागा मिळाली तर. मुलाच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून. दवाखान्यात नंबर येईपर्यंत. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा गल्ल्यामागे. एक परिचारिका ताई रात्रपाळीत पहाटे वॉर्ड शांत असतो तेव्हा लघुकथा वाचतात. कादंबरी त्या मुद्दाम घेत नाहीत, कारण घंटी वाजली की मधेच उठावं लागतं आणि धागा तुटतो. कथेत तेवढं नुकसान होत नाही. आपल्या दिवसाच्या तुकड्यांचा आकार बघून पुस्तक निवडायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

एक साधा उपाय बऱ्याच जणांना लागू पडला आहे. रात्री मोबाइल जिथे चार्जिंगला लावता तिथे पुस्तक ठेवायचं आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. हात सवयीने तिकडे जातोच, मग हाताला पुस्तक लागतं.

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का?

धरायचं. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं आली तेव्हा यावर कट्ट्यावर बराच वाद झाला. एक सद्गृहस्थ म्हणाले, डोळ्याखालून गेलं नाही ते वाचन नव्हे. तेव्हा मी उमा कुलकर्णींचं उदाहरण दिलं. भैरप्पा, कारंत, अनंतमूर्ती यांना ज्यांनी मराठीत आणलं, त्या उमाताईंनी कन्नडचे अनुवाद सुरू केले तेव्हा पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि त्या ते ऐकून मराठीत लिहायच्या. आपल्या कपाटांतल्या किती कादंबऱ्या अशा कानावाटे मराठीत आल्या आहेत! त्यानंतर तो वाद पुन्हा निघाला नाही.

शिवाय आपल्याकडे कीर्तन, भारूड, पोवाडा, रात्रीची कथा हे सगळं ऐकण्याचंच होतं. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे किंवा ज्यांचे हात दिवसभर कामात असतात, त्यांना आपण वाचक म्हणून वगळू नये.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायचंय. कशापासून सुरुवात करू?

त्यांनी जे जग पाहिलंय त्या जगापासून.

आमच्यातल्या एकाने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला रात्री जेवण झाल्यावर "बनगरवाडी" वाचून दाखवायला घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी आधी "मौज"च्या दिवाळी अंकात आली आणि १९५५ मध्ये पुस्तक झाली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण शिक्षक येतो, तिथपासून ती सुरू होते. आई माण तालुक्यातली. शाळेत फार गेलेली नाही. पहिल्या रात्री तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या रात्री मेंढरांचं वर्णन आलं तेव्हा म्हणाली, "थांब, परत वाच." परत वाचल्यावर म्हणाली, "बरोबर हाय. ह्यानं बघितलंय." आपला मुलगा चाळीस वर्षांचा झाला तरी मेंढरं कशी बसतात हे त्याला ठाऊक नाही, हेही तिने त्याच बैठकीत सांगून टाकलं. गावाने मिळून तालीम बांधली तो भाग आला की ती आपल्या माहेरच्या तालमीचं सांगायची आणि वाचन तिथेच थांबायचं.

शेवटाकडे दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी व्हायला लागते. त्या रात्री तिने मुलाला पुस्तक मिटायला लावलं आणि १९७२ चं सांगायला सुरुवात केली. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेली, मिळालेली सुकडी पदरात बांधून आणलेली, बैल विकला तो दिवस. मुलगा म्हणतो, यातलं बरंचसं त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कादंबरीची शेवटची पानं त्यांनी चार दिवसांनी वाचली.

लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" हीसुद्धा अशीच मोठ्याने वाचायला उत्तम. ती १९३४ पासून भागाभागाने आली, आणि लिहिणाऱ्या बाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. वाक्यं बोलल्यासारखी असल्याने वाचणाऱ्याला दम लागत नाही. आजीला वाचून दाखवताना एक पथ्य पाळा: तिने मधेच बोलायला सुरुवात केली की पुस्तक थांबवा.

पुस्तकं फार महाग झाली आहेत. काय करावं?

वाचनालयाचे सभासद व्हा. अनामत रक्कम एकदा भरायची, वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची, आणि घरातले चार जण एका कार्डावर वाचू शकतात. आपल्याकडची कित्येक वाचनालयं शंभर वर्षांहून जुनी आहेत. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यानुसार सरकारी अनुदान मिळतं. ते तुटपुंजं असतं. ग्रंथपाल आणि सेवक किती कमी पगारावर ही दारं रोज उघडतात हे जवळून पाहिलं की वर्गणी थकवायची लाज वाटते. वर्गणी वेळेवर भरा. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. पुढच्या खरेदीत कोणती पुस्तकं घ्यायची हे त्या वहीवरून ठरतं, आणि त्या वहीत फारसं कुणी लिहितच नाही.

विकत घ्यायचं असेल तर प्रकाशनपूर्व सवलतीवर लक्ष ठेवा. साहित्य संमेलनातल्या आणि जिल्ह्याच्या ग्रंथमहोत्सवातल्या गाळ्यांवर बरीच सूट मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवर जुनी पुस्तकं चाळत एक दुपार घालवा. आपल्या इथून जवळ म्हणजे भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचता येतं. तिथे सुटीच्या दिवशी जाऊ नका. मधल्या वारी जा, म्हणजे घरच्या माणसांशी बोलता येतं.

व्हॉट्सॲपवर पुस्तकाची पीडीएफ येते. वाचली तर काय बिघडलं?

हयात किंवा अलीकडेच गेलेल्या लेखकाचं पुस्तक असेल तर ती चोरी आहे, आणि कट्ट्याच्या गटावर आम्ही ती टाकू देत नाही. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती खपायला किती काळ लागतो हे प्रकाशकांना विचारा. फुकट फिरणाऱ्या प्रतीचा फटका लेखकाला आणि पुढच्या पुस्तकाला बसतो.

कायदा असा आहे: लेखकाच्या मृत्यूचं वर्ष संपलं की तिथून साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ च्या सुरुवातीपासून त्यांचं लेखन मुक्त आहे. हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक तर त्याच्या कितीतरी आधीपासून. हे सगळं मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी शोधा. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश जालावर फुकट आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं देतं. कायदेशीर आणि फुकट असं इतकं वाचायला आहे की एका जन्मात पुरं होणार नाही.

दिवाळी अंक पुस्तकात धरता का?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कट्ट्यावर दुसरं काही नसतंच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा आहे आणि मराठी माणसाच्या दिवाळीत ती फराळाइतकीच पक्की आहे. वर म्हटल्याप्रमाणे "बनगरवाडी"सारखी कादंबरीसुद्धा आधी अंकातच वाचली गेली. वाचनालयं ठरावीक रक्कम घेऊन अंकांची योजना चालवतात: एक अंक परत करा, दुसरा न्या, असं थेट संक्रांतीपर्यंत. एवढंच सांगेन की जाहिराती आणि राशिभविष्य चाळून अंक परत करू नका. दीर्घकथा वाचा. नवीन लेखक बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा भेटतो.

पुस्तकावर खुणा कराव्यात का? पान दुमडलं तर?

स्वतःच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने खुशाल लिहा. पुढे कधी तेच पुस्तक उघडलं की आपण तेव्हा कुठे थबकलो होतो ते कळतं. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र एक रेघही नको, आणि कोपरा दुमडू नका. जुना कागद दुमडला की पुढच्या वेळी तिथूनच तुटतो. एसटीचं तिकीट, रिकामं पाकीट, काहीही खूण म्हणून चालतं.

पुस्तक कुणाला दिलं की परत येत नाही. देणं बंद करू का?

बंद करू नका, वहीत लिहा. तारीख, पुस्तक, नाव. देताना समोरच्यासमोर लिहिलं की घेणाऱ्याच्याही लक्षात राहतं. दोन महिन्यांनी "कुठवर आलं?" असं विचारा, "कधी देताय?" असं विचारू नका. वाचत असेल तर तो सांगेल, नसेल तर लाजेने आणून देईल. आणि ज्या पुस्तकावर वडिलांची सही किंवा मित्राचा मजकूर आहे ते देऊच नका. त्याऐवजी दुसरी प्रत विकत घेऊन द्या.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. उपाय?

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, मधे चार बोटं जागा सोडा. पुस्तकं दाबून भरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळाभर बांधून ठेवलेली पुस्तकं आतल्या आत कोंदतात. ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारं उघडी ठेवा आणि पंखा लावा. थेट कडक उन्हात पुस्तक ठेवलं तर कागद पिवळा पडून तडतडतो. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात तो पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर त्यालाच बुरशी येते.

कीड लागलेलं पुस्तक बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढा. घट्ट पिशवीत बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आठ-दहा दिवस ठेवलं तर कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाष्प धरतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांनी टेप सुटते आणि खाली तपकिरी चिकट डाग राहतो, तो निघत नाही. आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधणारे काका मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. नुसती खळ किड्यांना आवडते, मोरचुदाने ती टिकते, पण ते विषारी असतं, म्हणून त्यांचं पातेलं वेगळं आणि मुलांच्या हाताला न लागेल असं. पाठ निखळलेलं पुस्तक ते आधी पूर्ण सोडवतात, फर्मे जुळवून पुन्हा दोऱ्याने शिवतात, पाठीवर खळ लावून कापडाची पट्टी बसवतात आणि वर दगड ठेवून रात्रभर दाबून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर सपाट उघडतं. असे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. तुमच्या गावात कुणी असेल तर घरची जुनी पुस्तकं आत्ताच नेऊन द्या.

पुस्तक भिजलंच तर उभं करून, पानं थोडी फाकवून, पंख्याखाली ठेवा आणि मधे टिपकागद घालून तो बदलत राहा. २०२१ च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या जुन्या वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि असंख्य पुस्तकं गेली. १८६४ पासून जमवलेला तो ठेवा होता. नदीकाठच्या गावात राहत असाल तर दुर्मीळ पुस्तकं खालच्या कप्प्यात ठेवू नका.

मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी वाचत नाहीत.

त्यांना मराठी येतं, अक्षरांचा वेग नसतो. "वाच, वाच" म्हणून वेग येत नाही. रोज रात्री तुम्ही वाचून दाखवा, आणि गोष्ट रंगात आली की एक परिच्छेद त्यांना वाचायला द्या. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय, अजूनही स्वस्त आहे आणि चित्रं सुरेख असतात. लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं, थोड्या मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, अवघडपणाच्या पायरीनुसार लावलेल्या.

मुलांना कट्ट्यावर आणा. आमची सर्वांत लहान वाचक तिसरीत आहे. गेल्या वेळी ती जिथवर आली होती तिथेच थांबली आणि पुढचं मुळीच सांगितलं नाही. मोठ्यांपैकी दोघांनी ते पुस्तक वाचनालयातून नेलं.

वर्षाला किती पुस्तकं वाचली पाहिजेत?

आकडा ठरवू नका. आकडा आला की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो आणि जाडी टाळतो. नोंदवही मात्र जरूर ठेवा: पुस्तकाचं नाव, कुणी सुचवलं, कुठे वाचलं, आणि आवडलेली एक ओळ हाताने उतरवलेली. एखाद्याने वर्षभर एकच ज्ञानेश्वरी वाचली, तर त्याच्या वहीत एकच नाव असेल आणि ओळींनी वही भरलेली असेल.

मला चारचौघांत बोलता येत नाही.

बोलू नका. जिथवर आलात तिथला एक परिच्छेद वाचून दाखवा. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या. वर्षभर नुसते ऐकून जाणारेही आमच्यात आहेत, त्यांची खुर्ची कुणी घेत नाही.

पहिल्यांदा येताना काय आणू?

वाचत असलेलं पुस्तक. फाटकं, वाचनालयाचं, मोबाइलमधलं, कसंही. चष्मा विसरू नका, वरच्या खोलीत उजेड कमी आहे. जिना अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, त्या दिवशी खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसू. सहाला सुरू करतो आणि आठला ग्रंथपालांना किल्ली परत द्यायची असते, त्यामुळे वेळेवर या.